मैफलीतला पाहुणा : रॉक बँड आणि भारतीय वादक

आजच्या व्याख्यानासाठी मी निवडलेला विषय प्रथमदर्शनी किरकोळ वाटण्याचा संभव आहे. एखाद्या शहरात चार-पाच तरुणांचा एक रॉक बँड असतो. बँड म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर वरातीपुढचे पितळी कर्णे आणि झगमगीत गणवेश उभे राहतात. मी ज्याविषयी बोलणार आहे त्या बँडमध्ये एक-दोन विजेच्या गिटारी, एक बेस गिटार, ड्रम्सचा संच आणि एक गायक एवढाच संसार असतो. अशा बँडच्या कार्यक्रमात बाहेरचा एखादा वादक एक-दोन गाण्यांपुरता येऊन बसतो, वाजवतो आणि निघून जातो. या देवघेवीत काय घडते, पाहुण्याने काय सांभाळावे आणि यजमानांनी काय सांभाळावे, एवढाच माझा आजचा विषय आहे.

मी हिंदुस्थानी पद्धतीने शिकलेला व्हायोलिनवादक आहे. गेली अनेक वर्षे महाविद्यालयांच्या प्रांगणात, नगरभवनांत आणि लहान उपाहारगृहांत अशा स्थानिक बँडबरोबर पाहुणा म्हणून वाजवण्याचा योग मला वारंवार आला आहे. या प्रथेकडे आपल्याकडे दोन टोकांच्या दृष्टींनी पाहिले जाते. जुन्या वळणाच्या गुरुजनांना वाटते की असल्या गोंगाटात बसल्याने शिष्याचा हात बिघडतो. उलट, कार्यक्रमांच्या संयोजकांना वाटते की रॉकच्या जोडीला एक भारतीय वाद्य बसवले की आपोआप काहीतरी नवे निर्माण होते. या दोन्ही मतांत एक समान उणीव आहे. ज्या बँडकडे पाहुणा जातो त्या बँडचे स्वतःचे म्हणून काही संगीत आहे, ही गोष्टच दोघांच्या लक्षात येत नाही. मला जे सांगायचे आहे त्याचे सूत्र हेच आहे. स्थानिक बँड म्हणजे आधीपासून नांदते असलेले एक घर आहे. पाहुण्याने त्या घराची रीत जाणून घ्यावी, आपल्या येण्याने ते घर अधिक शोभिवंत करावे आणि निघताना ते त्याच माणसांच्या स्वाधीन असावे.

प्रथम लयीचा विचार करू. अनोळखी वादकांनी एकत्र वाजवायचे म्हटले की बहुधा ज्या आकृतीचा आधार घेतला जातो, ती म्हणजे ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गानप्रकारातील बारा खंडांचे चक्र. रॉक संगीताचा पाया याच ब्लूजवर उभा आहे, त्यामुळे जगातील जवळपास प्रत्येक रॉक वादकाला हे चक्र तोंडपाठ असते. प्रत्येक खंडात चार मात्रा, असे बारा खंड. म्हणजे एकूण 48 मात्रा. आपल्या वादकाने हे गणित जरा निराळे मांडून पाहावे. 48 मात्रा म्हणजे त्रितालाची बरोबर तीन आवर्तने होतात. एवढेच नव्हे, तर प्रत्येक आवर्तनाला स्वतःचा स्वभाव आहे. पहिल्या आवर्तनात बँड मूळ षड्जावरच्या कॉर्डवर, म्हणजे स्वरसमूहावर, स्थिर असतो. दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर तो मध्यमाच्या कॉर्डवर जातो आणि खालीपासून पुन्हा षड्जाकडे परततो. तिसऱ्या आवर्तनाच्या समेवर पंचमाची कॉर्ड येते, चार मात्रांनी मध्यमाची, आणि उरलेल्या आठ मात्रांत षड्जाकडे परत येणे होते. ज्याने त्रिताल अंगात मुरवला आहे त्याला ही वाट परकी वाटण्याचे काहीच कारण नाही. तीन आवर्तनांच्या शेवटी हिशेबाने बांधलेली तिहाई बँडच्या पहिल्या मात्रेवर चपखल येऊन पडते, आणि त्या क्षणी ड्रमवादकाच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो तो तबलजीच्या आनंदाहून निराळा नसतो.

मात्र एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. आपले कान समेच्या वजनावर पोसलेले आहेत. रॉकमध्ये ड्रमवादक स्नेअर ड्रमवर ठळक आघात करतो तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. पहिली मात्रा पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमच्या खोल आवाजात असते, तर कानात भरतो तो दुसरा आणि चौथा आघात. नवखा पाहुणा त्या ठळक आघातालाच सम समजू लागला, तर त्याचे सारे वादन एका मात्रेने सरकते. म्हणून बँडबरोबर बसणाऱ्या तरुण वादकांना मी एकच सल्ला देतो: पहिले चक्र वाजवू नका, नुसते ऐका, वाद्य मांडीवर किंवा हाती असू द्या, आणि बेस गिटार कोठे पाऊल टाकते ते पाहा. बेस आणि ड्रम्स मिळून घराची जमीन तयार करतात. जमीन पायांना कळल्यावाचून चालू नये.

आता स्वरांकडे वळू. गिटारवादकांना सोईची पट्टी बहुधा पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन किंवा पांढरी पाच असते, कारण मोकळ्या तारा त्या स्वरांना पोषक असतात. आपल्या पद्धतीच्या व्हायोलिनवर चारही तारा षड्ज आणि पंचम या दोनच स्वरांत मिळवलेल्या असतात. बँड मात्र एका गाण्यानंतर दुसरे गाणे निराळ्या पट्टीत सुरू करतो आणि मध्ये तारा उतरवण्या-चढवण्यास सवड देत नाही. येथे मूर्च्छनेची जुनी कल्पना उपयोगी पडते. पांढरी सहा हा षड्ज धरून लावलेल्या वाद्याचा पंचम म्हणजे पांढरी तीन. तोच पंचम षड्ज मानला की तारा न हलवता दुसऱ्या पट्टीतले गाणे हाती येते. मोकळ्या तारा तेवढ्या षड्ज आणि मध्यम अशा बोलू लागतात.

यापेक्षा सूक्ष्म प्रश्न गांधाराचा आहे. गिटारीच्या पडद्यांवरील सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. त्यामुळे तिच्यावरचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गांधाराहून सुमारे 14 सेंट चढा असतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर, हे लक्षात घेतले तर हा फरक अर्धस्वराच्या सातव्या हिश्शाइतका आहे. ऐकणाऱ्याला तो नेमका सांगता येणार नाही, पण काहीतरी खुपते आहे हे जाणवते. हार्मोनियमवर ऑल इंडिया रेडिओने 1940 साली बंदी घातली, तिच्या मागे स्वरांच्या अशा विभागणीविषयीचा आक्षेपही होता, हे संगीताच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. रॉक बँडबरोबर वाजवताना आपण हा वाद मिटवू शकत नाही. गिटारीची पूर्ण कॉर्ड वाजत असताना गांधारावर दीर्घकाळ ठेहराव घेण्याचे टाळावे, किंवा घ्यायचाच झाल्यास यजमानाच्या गांधाराकडे किंचित झुकावे.

परंतु येथेच एक आनंदाची गोष्टही आहे. जड रॉकमध्ये गिटारीचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत केलेला असतो. अशा आवाजात गांधारासह पूर्ण कॉर्ड वाजवली तर ती गढूळ होते. म्हणून गिटारवादक कॉर्डमधून गांधार गाळून टाकतात आणि केवळ षड्ज व पंचम वाजवतात. मित्रहो, षड्ज आणि पंचम म्हणजे आपल्या तंबोऱ्याच्याच तारा! ज्या गोंगाटाला आपण सर्वांत परका समजतो, त्याच गोंगाटात आपल्या गांधाराला जागा मोकळी ठेवलेली असते. कोमल लावा, शुद्ध लावा, आंदोलित ठेवा. वाट अडवणारे कोणी नसते. हे जेव्हा प्रथम ध्यानात आले तेव्हा रॉक संगीताविषयीची माझी दृष्टी बदलली. ज्यांना हे संगीत म्हणजे केवळ कर्णकटू कोलाहल वाटतो त्यांनी एकदा या दृष्टीने ते ऐकावे, अशी माझी विनंती आहे.

कॉर्ड बदलत जाणे ही मात्र आपल्याला खरोखर नवी असलेली गोष्ट आहे. तंबोऱ्यावर पंचम हा सदैव पंचमच राहतो. बँडमध्ये आपण धरून ठेवलेला स्वर तोच असला तरी त्याच्या खालची जमीन सरकते. षड्ज हा स्वर घ्या. षड्जाच्या कॉर्डवर तो घरधनी असतो. मध्यमाच्या कॉर्डवर तोच पंचमाच्या नात्याने उभा राहतो. आणि पंचमाच्या कॉर्डवर तो अधांतरी होतो व खालच्या निषादाकडे उतरू पाहतो. एकच व्यक्ती एका घरी मुलगी, दुसऱ्या घरी सून आणि तिसऱ्या घरी पाहुणी असावी, तसे हे आहे. मींड घेताना ती कोणत्या कॉर्डवर संपणार आहे हे आधी ठाऊक असले, तर साधी मींडही बँडला उजळून टाकते.

आवाजाच्या प्रमाणाविषयी थोडेच सांगतो. रंगमंचावर ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे वादकाला स्वतःचे वाद्य ऐकू येत नाही. मग तो गज अधिक दाबतो, स्वर कर्कश होतो आणि सुरेलपणा ढळतो. व्हायोलिनची लाकडी पेटी समोरच्या ध्वनिक्षेपकाचा आवाज परत पकडते आणि शिट्टीसारखा किंकाळता ध्वनी उठतो. यावर उपाय तांत्रिक आहेत, आणि ते कार्यक्रमापूर्वी करावयाचे असतात. वादकाकडे तोंड करून ठेवलेला छोटा ध्वनिक्षेपक आपल्यासाठी नेमका कोठे ठेवायचा हे ध्वनियोजकाशी बोलून ठरवण्यात कोणताही कमीपणा मानू नये.

ही झाली कारागिरी. आता पाहुणेपणाच्या नैतिक बाजूकडे येतो, आणि त्यासाठी काही प्रसिद्ध उदाहरणांचा आधार घेतो.

बीटल्स हा इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरातला बँड. 1968 साली त्यांच्यात आपसांतले ताण वाढले होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जॉर्ज हॅरिसन याने आपल्या एका गाण्यासाठी एरिक क्लॅप्टन या गिटारवादक मित्राला ध्वनिमुद्रणास बोलावले. पुढे जानेवारी 1969 मध्ये असेच ताण पुन्हा विकोपाला गेले असता हॅरिसनच्याच पुढाकाराने बिली प्रेस्टन हा अमेरिकी कीबोर्डवादक त्यांच्यात येऊन बसला. परिणाम असा झाला की वातावरण निवळले आणि काम पुढे सरकले. 30 जानेवारी 1969 रोजी लंडनमधील त्यांच्या कार्यालयाच्या गच्चीवर जे वादन झाले त्यातही प्रेस्टन होता. घरात पाहुणा आला की भावाभावांची भांडणे ओसरीवरून आत जातात, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. प्रेस्टनचे मोठेपण असे की त्याने गाण्यांतील मोकळ्या जागा तेवढ्या भरल्या. कोणाचीही जागा घेतली नाही. यजमानांनीही उपकार फेडले. त्या वर्षी निघालेल्या 'गेट बॅक' या ध्वनिमुद्रिकेवर बीटल्सच्या जोडीने बिली प्रेस्टन हे नाव छापले गेले.

नाव छापण्याचा हा मुद्दा मी मुद्दाम काढला आहे. 1966 साली बीटल्सच्या 'लव्ह यू टू' या गाण्यात तबला वाजवणारे अनिल भागवत यांचे नाव ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर आले. पुढच्याच वर्षी हॅरिसनच्या दुसऱ्या एका भारतीय धर्तीच्या गाण्यात लंडनमधील भारतीय वादकांनी दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवला. त्या गाण्याचा स्वभाव ज्यांच्या हातांनी घडला त्यांची नावे मात्र वेष्टनावर नव्हती, आणि जगभरच्या श्रोत्यांना ती कित्येक दशके ठाऊक झाली नाहीत. मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या जगात जे घडते ते आपल्या गावच्या कार्यक्रमातही लहान प्रमाणात घडते. एका शहरातील कार्यक्रमाच्या भित्तिपत्रकावर बँडच्या चौघांची नावे होती आणि माझ्या नावाच्या ठिकाणी 'भारतीय सुरांची फोडणी' एवढेच शब्द होते. फोडणीला नाव नसते, हे खरे. पण ज्या संयोजकाने पाहुण्याला फोडणी मानले, त्याने बँडचाही अपमान केला. कारण बँडचे मूळ अन्न बेचव आहे असेच त्याने सुचवले होते.

उलट प्रकारचा धोका याहून मोठा आहे. पाहुणा प्रसिद्ध असेल तर श्रोते त्यालाच ऐकतात आणि बँड त्याचा साथीदार होऊन बसतो. स्थानिक बँड ही फार नाजूक संस्था आहे. तालमीची जागा उसनी, ध्वनिवर्धक भाड्याचे, सभासदांपैकी एखादा नोकरीनिमित्त परगावी जाण्याच्या बेतात. अशा मुलांनी दोन-तीन वर्षे खपून स्वतःची चार गाणी उभी केलेली असतात. एखाद्या नामवंत वादकाने एका संध्याकाळी येऊन त्या गाण्यांवर वीस-वीस मिनिटे आलापी केली, तर टाळ्या त्याला मिळतात आणि दुसऱ्या दिवशी गावात कोणालाही बँडचे गाणे आठवत नाही. म्हणून एकल वादनासाठी किती आवर्तने घ्यायची हे पाहुण्याने आधी विचारून घ्यावे, आणि सांगितल्यापेक्षा एक कमीच घ्यावे.

या बाबतीत मुंबईत घडलेला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. 1972 साली लेड झेपेलिन या जगद्विख्यात बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. त्या मुक्कामात त्यांनी येथील भारतीय वादकांना घेऊन आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले. ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले 2015 साली. त्याच मुक्कामात कुलाब्यातील 'स्लिप डिस्क' या छोट्याशा डिस्कोथेकमध्ये ते दोघे स्थानिक वादकांबरोबर वाजवायला उभे राहिले. बेस आणि ड्रम्सवर मुंबईचेच तरुण होते. ज्यांच्यापुढे परदेशांतील विशाल प्रेक्षागारे भरत असत, ते येथे लहान जागेत पाहुणे म्हणून उभे होते. रॉक संगीतातील पाहुणेपणाची ही रीत समतेची आहे. ज्याला चक्र ठाऊक आहे आणि जो ऐकतो, तो बसू शकतो. नावाचा मोठेपणा दाराबाहेर ठेवायचा असतो.

आपल्या देशातील बँडांनीही ही रीत आपल्या परीने वाढवली आहे. दिल्लीचा 'इंडियन ओशन' हा बँड 1990 साली स्थापन झाला. 2014 साली त्यांनी काढलेल्या 'तंदानू' या संग्रहात निरनिराळ्या गाण्यांसाठी निरनिराळे कलावंत निमंत्रित केले होते. त्यांत शुभा मुद्गल, मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट, व्हायोलिनवादक कुमारेश, कंजिरावादक सेल्वगणेश, गायक शंकर महादेवन अशी मंडळी होती. इतके भिन्न पिंडाचे पाहुणे येऊनही बँडची मूळ चाल ओळखू येते, याचे कारण यजमानांना आपले घर पक्के ठाऊक होते. ज्या बँडला स्वतःचा सूर सापडलेला नाही त्याने पाहुण्यांना बोलावण्याची घाई करू नये, असेच मी तरुणांना सांगेन. शिलाँगचे लू माजाव यांनी 1972 पासून 24 मे हा बॉब डिलन यांचा जन्मदिवस गाण्याबजावण्याने साजरा करण्याची प्रथा पाडली. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या गावांतही संगीताची अशी घरे एका माणसाच्या चिकाटीने उभी राहतात, आणि ती टिकली तरच पाहुण्याला जाण्यासाठी दार उरते.

यजमानाचे कर्तव्य सांगताना आणखी एका प्रसंगाचा उल्लेख करतो. 25 नोव्हेंबर 1976 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे 'द बँड' या नावाच्या बँडने आपला निरोपाचा कार्यक्रम केला. त्यात अनेक मोठे कलावंत पाहुणे म्हणून आले होते. त्यावर मार्टिन स्कोर्सेसी यांनी केलेला चित्रपट 1978 साली प्रदर्शित झाला. पाहुण्यांपैकी एरिक क्लॅप्टन एकल वादन करत असताना त्यांच्या गिटारीचा पट्टा निसटला आणि वादन मध्येच थांबण्याची वेळ आली. त्याच क्षणी यजमान गिटारवादक रॉबी रॉबर्टसन यांनी तो धागा उचलला आणि वादन अखंड पुढे नेले. क्लॅप्टन यांनी पट्टा बसवला आणि ते पुन्हा सामील झाले. गायकाचा श्वास तुटताच सारंगीने तो स्वर धरून ठेवावा, हे आपण शेकडो मैफलींत पाहिले आहे. संगतीचा धर्म सर्वत्र एकच असतो. जो सावध असतो तोच साथ करू शकतो.

आता हात बिघडण्याच्या आक्षेपाविषयी. बँडबरोबर वाजवल्याने माझी गायकी सुधारली असा दावा मी करणार नाही. रागसंगीताचा रियाज निराळा आहे आणि तो निराळाच करावा लागतो. परंतु थोडक्यात बोलण्याची शिस्त मात्र मला बँडकडून मिळाली. 48 मात्रांत प्रारंभ, विस्तार आणि समाप्ती साधायची, ती साधून गप्प बसायचे, आणि गप्प बसल्यानंतरही लक्षपूर्वक उपस्थित राहायचे. रंगमंचावर न वाजवता उभा असलेला वादकही संगीताचा भाग असतो, हे मला या मुलांनी शिकवले. रागाच्या मैफलीतही या शिस्तीचा उपयोग झाल्यावाचून राहत नाही.

आपल्यापैकी जे संगीताचे विद्यार्थी आहेत त्यांना उद्या एखादा बँड बोलावणे पाठवील. त्यांनी जावे. जाण्यापूर्वी त्यांची गाणी ऐकावीत, पट्टी विचारावी, निदान एक तालीम करावी. रंगमंचावर बेस वाजवणाऱ्याच्या हाताकडे आणि ड्रमवादकाच्या डोळ्यांकडे पाहावे, कारण गाणे कोठे वळणार याची खूण तेथेच मिळते. आणि कार्यक्रम संपल्यावर श्रोते स्तुती करू लागले, तर त्यांना त्या मुलांची नावे सांगावीत. पाहुणा निघून गेल्यावरही ती मुले पुढच्या शनिवारी त्याच जागी वाजवणार असतात. आपल्या येण्यामुळे त्या शनिवारी दहा श्रोते अधिक आले, तर आपले पाहुणेपण सार्थकी लागले असे समजावे.